पार्ट बदलण्याआधी आकडा विचारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर गॅरेजसमोर ज्या गाड्यांची रांग लागते, तिच्यात आता जुन्या छोट्या एसयूव्ही फार दिसतात. २०१२ मध्ये आलेली रेनॉ डस्टर, २०१३ ची फोर्ड इकोस्पोर्ट, २०१६ ची मारुती व्हिटारा ब्रेझा. हौसेने घेतलेल्या या गाड्यांपैकी कितीतरींच्या मीटरवर आज दीड-दोन लाख किलोमीटर पडले आहेत. पहिल्या पिढीच्या डस्टरचे इथले उत्पादन २०२२ मध्ये थांबले, फोर्डने तर २०२१ मध्येच भारतात गाड्या बनवणे बंद करत असल्याचे जाहीर केले. साहजिकच या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपकडून नाक्यावरच्या गॅरेजकडे वळल्या. तिथल्या मिस्त्रींच्या हातात कसब असते, त्याबद्दल मला आदरच आहे. पण एक सवय मालकाला फार महागात पडते : "हा पार्ट बदलून बघू."

पिकअप (गाडीची ओढ) गेला म्हणून टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) बदलतात, फरक पडत नाही. मग नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टर, बदलतात, तरी फरक नाही. शेवटी सापडते ती इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होस पाइपला गेलेली बोटभर चीर. हे टाळायला एकच प्रश्न पुरतो : "आकडा किती आला?" गाडीतल्या बहुतेक बिघाडांना मोजता येणारा आकडा असतो. व्होल्ट, बार, मिलिमीटर, अंश. तो न मोजता पार्ट मागवला जात असेल, तर मालकाने तिथेच थांबवावे.

सुरुवात सोप्यापासून करू. सकाळी सेल्फ जड फिरतो, ही सर्वात जास्त येणारी तक्रार, आणि तिचे ठरलेले उत्तर म्हणजे नवी बॅटरी. काहीशे रुपयांचा मल्टीमीटर घेऊन रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. बॅटरी भरलेली असूनही व्होल्ट ९.६ च्या खाली कोसळत असतील, तर ती खरोखर गेली. पण व्होल्ट १०.५ वर टिकून आहेत आणि सेल्फ तरी जड आहे, असे दिसले तर दोष केबलमध्ये किंवा सेल्फमध्ये. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल वायर इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर धरा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थिंगची केबल किंवा तिचा थिंबल (टोकाची धातूची कडी) कुजला आहे. कोकणात, समुद्राच्या हवेत, हे हमखास होते. थिंबल उघडून पॉलिश पेपरने घासायचा, घट्ट आवळायचा, वर पेट्रोलियम जेली. काम अर्ध्या तासाचे.

इंजिन चालू असताना लाइट, ब्लोअर, एसी लावून १३.८ ते १४.५ व्होल्ट आले की अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) ठीक. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेला, तो नवी बॅटरीही उकळून टाकेल. आणि बॅटरी दोन दिवसांत उतरत असेल तर वीज खाणारा चोर शोधावा लागतो. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, सगळे कंट्रोल युनिट झोपू द्या, मग अँपिअर मोजा. साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त जात असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या सर्किटमध्ये चोर. बहुतेक वेळा तो बाहेरून जोडलेला डॅशकॅम किंवा म्युझिक सिस्टिम निघतो. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायरही निघते.

आता पिकअप. पैसे सर्वात जास्त इथेच वाया जातात, म्हणून थोडे सविस्तर.

डिझेल गाडी घाटात दम खाते, मागून काळा धूर येतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. मग शोध हवेच्या वाटेनेच सुरू व्हायला हवा : एअर फिल्टर, त्याच्या डब्यापासून टर्बोपर्यंतचा पाइप, टर्बोपासून इंटरकूलर, तिथून इंजिन. या वाटेवरच्या रबरी होसच्या जोडावर तेलाचा ओला डाग दिसला तर तिथून हवा सुटते आहे असे धरून चाला. बारीक चीर गाडी उभी असताना दिसत नाही, दाबाखाली उघडते. होस काढून, वाकवून, उजेडात बघावी लागते. नुसता जुबली क्लिप आवळूनही कितीदा काम होते. टर्बो चालवणारी किंवा ईजीआर व्हॉल्व्हकडे (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेकडे) जाणारी काळी व्हॅक्युमची नळी याच वयात कडक होऊन तडकते, तीही बोटाने चाचपून बघावी.

दरम्यान दोन गोष्टी वगळून टाका, कारण त्या पिकअप गेल्याची नक्कल करतात. दहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार तापले असेल तर ब्रेक चिकटून बसला आहे. आणि सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी वेगाला पाय दाबा. इंजिनचा काटा वर जातो आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. टर्बोचा काही संबंध नाही.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारे यंत्र. स्कॅनरवर कोड आला की निदान झाले, असे समजणे ही सगळ्यात महाग चूक. पी०२९९ हा कोड म्हणतो की मागितला त्यापेक्षा टर्बोचा दाब कमी मिळाला. टर्बो खराब आहे असे तो म्हणत नाही. फाटलेली होस, तुटलेली नळी, चोक झालेला सायलेन्सर, चुकीचे सांगणारा सेन्सर, कशानेही तो येतो. पी००८७ म्हणजे रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) डिझेलचा दाब कमी. त्यामागे चोक डिझेल फिल्टर, हवा ओढणारी नळी, जास्त परत सोडणारा इंजेक्टर किंवा थकलेला हायप्रेशर पंप, यांपैकी काहीही असू शकते. कोडनंतर लाइव्ह डेटा बघायचा असतो, मागितलेला आकडा आणि मिळालेला आकडा शेजारी शेजारी, तेही गाडी चढावर ओढत असताना. उभ्या गाडीला रेस देऊन बघण्यात अर्थ नाही, तिला ओझेच नसते.

एक छान चाचणी फुकटात होते. चावी ऑन, इंजिन बंद. स्कॅनरवर मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाचा) दाब वाचा. तो बाहेरच्या हवेइतकाच यायला हवा : मुंबई-रत्नागिरीत साधारण १,००० मिलिबार, पुण्यात ९५० च्या आसपास, महाबळेश्वरला ८७० च्या आसपास. पुण्यात उभ्या गाडीचा सेन्सर ८०० किंवा १,१०० सांगत असेल तर आधी सेन्सर आणि त्याचे कनेक्टर बघा. तो खोटे बोलत असेल, तर त्याच्या जिवावर काढलेला पुढचा प्रत्येक निष्कर्ष खोटा.

टर्बो बघायचाच झाला, तर आत येणारा पाइप काढून शाफ्ट बोटांत धरा. आडवा किंचित हलला तर चालतो, पाते घराला घासता कामा नये. पुढे-मागे खेळ हाताला जाणवला तर बेअरिंग गेले. पाइपमध्ये तेलाचा पातळ थर असतोच, तो बघून घाबरू नये. तेल साचून वाहत असेल तर मात्र गंभीर.

इंजेक्टरबाबत लीक-ऑफ चाचणी, म्हणजे परत जाणाऱ्या डिझेलची मोजणी, मागा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या नळ्या-बाटल्या लावून इंजिन ठरावीक वेळ चालवायचे. तीन बाटल्या सारख्या भरल्या आणि चौथी दुप्पट, तर तो एकच इंजेक्टर दुरुस्तीला काढा, चारचा संच नको. नवा किंवा दुरुस्त इंजेक्टर बसवल्यावर त्यावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. ही पायरी चुकली की गाडी खडखडते, धूर सोडते, आणि "डुप्लिकेट पार्ट मिळाला" अशी उगाच बदनामी होते.

इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचे वॉशर असते. त्यातून गॅस सुटू लागला की थंड इंजिनवर छुक-छुक असा आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखी काळी राळ साचते. हे ऐकू आल्याच्या आठवड्यात वॉशर बदला. थांबलात तर ती राळ इंजेक्टरला सिमेंटसारखी धरते, मग तो ओढून काढावा लागतो आणि हेडमधली बैठक कटरने साफ करावी लागते. जुने वॉशर पुन्हा वापरू नये. क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावा.

गाडी सकाळी उशिरा स्टार्ट होते आणि एकदा झाली की दिवसभर ठीक, असे असेल तर हवा शिरते का ते आधी बघा. डिझेल फिल्टरनंतर तात्पुरती पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. पावसाळ्यात फिल्टरच्या तळचे पाणी सोडणे तर दर महिन्याचे काम समजावे.

गाडी तापण्याचा विषय आंबोली, कुंभार्ली, ताम्हिणी चढणाऱ्यांना सांगायला नको. अनेक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, खरा आकडा बराच वर जाईपर्यंत तो हलत नाही. म्हणून स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचे छोटे यंत्र) लावून खरे तापमान वाचणे उत्तम. बहुतेक इंजिने ८५ ते ९५ अंशांत राहतात, फॅन शंभराच्या अलीकडे-पलीकडे लागतो. फक्त घाटात किंवा हायवेला तापते आणि ट्रॅफिकमध्ये नाही, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोक. फक्त ट्रॅफिकमध्ये तापते, तर फॅन. एसी लावला की फॅन फिरायलाच हवा. कमी स्पीडचा रेझिस्टर जळलेला असला तर फॅन उशिरा, एकदम जोरात लागतो आणि मालकाला वाटते तो ठीक आहे.

इंजिन तापलेले असताना वरची होस चटका देते आणि खालची गार, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) उघडत नाही किंवा रेडिएटर बंद झाला आहे. थर्मोस्टॅट काढून पाण्यात उकळून बघता येतो, थर्मामीटर सोबत धरावा. तो काढून टाकून गाडी तशीच चालवणे हा उपाय नव्हे. इंजिन कायम गार राहते, डिझेल जास्त पिते, काजळी वाढते. आणि ज्या गाडीत बोअरचे पाणी ओतले जाते, तिचा रेडिएटर क्षारांनी भरणार, यात शंका नाही. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मे-निम्मे, हेच प्रमाण धरा. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, एअर काढायचे स्क्रू असतील तर ते उघडा, नाहीतर आत हवा अडकून दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी तापते आणि दोष बिचाऱ्या वॉटर बॉडीला (पाण्याच्या पंपाला) लागतो. गरम इंजिनचे झाकण उघडू नका. हात-तोंड भाजल्याच्या घटना दर उन्हाळ्यात होतात.

"हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावे लागेल" हे वाक्य ऐकले की केमिकल टेस्ट मागा. कूलंटच्या टाकीवर नळी ठेवून निळ्या द्रवातून वरची हवा ओढतात. त्यात एक्झॉस्टचा गॅस असेल तर रंग पिवळट होतो. केवळ ऑइलच्या टोपणाखाली पांढरा फेस दिसला म्हणून हेड उतरवू देऊ नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती नुसती वाफ असते. लांबच्या फेरीनंतर फेस गेला, कूलंट कमी होत नाही, टाकीत बुडबुडे नाहीत, तर हेडखालचे सील, म्हणजे गॅस्केट, शाबूत आहे.

टायमिंग बेल्टबद्दल (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवणाऱ्या पट्ट्याबद्दल) मात्र मोजायला काही नाही, तिथे तारीखच आकडा. डस्टरच्या दीड लिटर डिझेलला बेल्ट आहे, ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेलला चेन. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन बांधावे लागते. पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते धरायचे. जुनी गाडी घेतली आणि बेल्टचे बिल मिळाले नाही, तर तो बदललेला नाही असेच समजा. सोबत टेन्शनर घ्या. डस्टरच्या या इंजिनात वॉटर बॉडी त्याच बेल्टवर चालते, तीही त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच पडते. बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट झिजून दोरे सुटले असतील तर दुर्लक्ष करू नका. ते दोरे क्रँकच्या पुलीमागून टायमिंगच्या घरात ओढले जाऊ शकतात. ब्रेझाच्या चेनचे आयुष्य ऑइल वेळेवर बदलण्यावर आहे. थंड स्टार्टला काही सेकंद चेनचा खळखळाट येऊ लागला की लगेच दाखवा.

इकोस्पोर्टच्या १.० लिटर टर्बो पेट्रोलचा बेल्ट ऑइलमध्ये बुडून चालतो. चुकीचे ऑइल घातले किंवा बदल लांबवला, की त्याचे रबर सुटून ऑइल पंपाच्या गाळणीत अडकते. त्या इंजिनला फोर्डने सांगितलेल्या प्रतीचेच ५डब्ल्यू-२० ऑइल हवे, "जाड घाला, जुनी गाडी आहे" हा सल्ला तिथे घातक आहे. ऑइलचा लाल दिवा लागला तर जिथे असाल तिथे इंजिन बंद. सेन्सरच्या जागी गेज लावून दाब मोजल्याशिवाय "सेन्सरच गेला असेल" म्हणून गाडी पुढे हाकू नका.

डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी बघावी. पातळी उतरते हे सगळ्यांना कळते, ती वाढते हे कोणी बघत नाही. ऑइल वर चढले आणि डिझेलचा वास येतो, याचा अर्थ डिझेल ऑइलमध्ये मिसळते आहे. अशी गाडी चालवली तर बेअरिंग जातात, आणि ऑइल फारच वाढले तर इंजिन स्वतःचेच ऑइल जाळून आवरता न येण्याइतके रेस होऊ शकते.

पेट्रोल गाड्यांसाठी एवढेच, की २० टक्के इथेनॉलच्या इंधनावर स्कॅनरमध्ये लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली कमी-जास्त, टक्क्यांत) थोडी अधिककडे झुकलेली दिसणारच. अधिक १५-२० पर्यंत गेली तर मात्र हवेची गळती किंवा फ्यूएल पंप तपासावा. दहा वर्षांवरच्या गाडीच्या रबरी इंधन नळ्या फुगल्या-चिरल्या आहेत का, ते दर सर्व्हिसला बघावे. प्रश्न आगीचा आहे.

क्लच आणि चाकांकडचे आवाज कानानेच ओळखता येतात. क्लच दाबल्यावर आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर आवाज जातो, तर गिअरबॉक्सचे इनपुट बेअरिंग. इंजिन बंद करताना धडधड होते, तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारे दुहेरी चाक) असलेल्या गाडीत ते तपासा. क्लच उघडलाच आहे तर बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या घराच्या) आत बसणारा, क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडरही त्याच वेळी बदला. तो दोन महिन्यांनी गळला तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

लहान खड्ड्यांवर टक-टक, तर लिंक रॉड. मोठ्या खड्ड्यात धप्प, तर लोअर आर्मचा बुश किंवा शॉकअपचे वरचे माउंट. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा). वेगासोबत वाढणारा घुंऽऽ आवाज डावीकडे वळताना मोठा होत असेल, तर ओझे उजवीकडे जाते, म्हणून उजव्या चाकाचे बेअरिंग. ऐंशी-शंभरला स्टिअरिंग थरथरते, तर आधी बॅलन्सिंग. पाय दाबला की थरथर आणि सोडला की बंद, तर आतला जॉइंट.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की मला तिचे वाईट वाटते. लोअर आर्मचे बुश गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळतात. गाडी खाली उतरली की रबर कायम पिळलेले राहते आणि चांगला ओरिजिनल बुशही काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी सैल ठेवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-तीनदा दाबून बसवायची आणि मग टॉर्कने आवळायचे. मालकाने शेजारी उभे राहून हे करून घ्यावे.

ब्रेकमध्ये डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, कॅलिपर लावून मोजा. एकाच बाजूचे पॅड जास्त झिजले असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत, नुसते पॅड बदलून उपयोग नाही. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. कोऱ्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषलेल्याचा प्रमाण मानलेला किमान आकडा १५५ अंश. लांब घाट उतरताना पॅडल अचानक स्पंजासारखे होते ते याच कारणाने. दर दोन वर्षांनी बदलावे. टायरच्या बाजूवरचे चार आकडे, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर संपला, मग तो वरून कितीही चांगला दिसो.

गॅरेजचालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की जॉब कार्डवर "पिकअप चेक केला" असे न लिहिता मोजलेला आकडा लिहावा : बॅटरी १२.५ व्होल्ट, सेल्फच्या वेळी १०.१, डिस्क २२.४ मिलिमीटर, इंजेक्टर क्रमांक ३ चे रिटर्न दुप्पट. तपासणीचे वेगळे पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत, ते मेहनतीचे आहेत. मालकांनीही ते देताना कुरकुर करू नये. स्कॅनर, गेज आणि त्यामागचे ज्ञान फुकट येत नाही, आणि तपासणीचे पैसे बुडतात तिथेच अंदाजाने पार्ट विकण्याची पाळी येते. काढलेला जुना पार्ट मालकाला दाखवून परत द्यावा. मालकाने एका वहीत तारीख, किलोमीटर, आकडा आणि बदललेला पार्ट एवढे चार रकाने भरत जावे. पुढच्या वेळी गाडी घेऊन जाल तेव्हा ती वही मिस्त्रींसमोर ठेवा.

आपल्या मोटारविषयक पानावर नव्या गाड्यांच्या बातम्यांसोबत महिन्यातून एकदा अशा एका बिघाडाची तपासणी छापावी, असेही सुचवतो. पहिला विषय अर्थिंगचा घ्यावा, सर्वात जास्त चांगल्या बॅटऱ्या त्यामुळेच भंगारात जातात.

आपला,
एक मोटार मेकॅनिक, कोल्हापूर